विश्लेषण : मुशीचा उग्र वास ते ओआरएसची पुडी... शरीर मीठ-पाण्याचा हिशेब कसा ठेवते?

भाऊच्या धक्क्यावर पहाटे उतरलेली मासळी सकाळ होईपर्यंत माझगाव, घोडपदेव, काळाचौकीतल्या घरांत पोहोचलेली असते. पापलेट, सुरमई, बांगडा, कधी मुशी. ही सगळी मासळी जन्मभर खाऱ्या पाण्यात राहिलेली, तरी कालवणात मीठ घालावेच लागते. दुसरीकडे, घोडपदेवला लागूनच असलेल्या रे रोडच्या दारूखान्यात मे महिन्याच्या दुपारी लोखंड उचलणाऱ्या कामगाराच्या बनियनवर घाम वाळून पांढरे चट्टे उमटतात. मासा समुद्रात राहूनही खारट होत नाही, आणि माणूस दिवसभर गोडे पाणी पिऊनही मीठ गमावत राहतो. या दोन्ही गोष्टींमागे एकच यंत्रणा आहे. ती कोलमडली तर धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो. ही यंत्रणा नेमकी चालते कशी?

काकडीला मीठ लावले की पाणी का सुटते?

कोशिंबिरीसाठी चोचवलेल्या काकडीला मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात भांड्याच्या तळाशी पाणी जमते. लोणच्याच्या कैरीचेही तेच. मीठ पाणी ‘ओढते’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात पेशीच्या पातळ आवरणातून पाणी सहज ये-जा करू शकते, मिठाला मात्र तशी मोकळीक नसते. त्यामुळे ज्या बाजूला मीठ किंवा साखरेसारखे विरघळलेले पदार्थ जास्त, त्या बाजूला पाणी सरकते. शाळेच्या पुस्तकात यालाच परासरण म्हटले आहे.

वनस्पतीच्या पेशीला बाहेरून टणक भिंत असते, त्यामुळे पाणी जास्त शिरले तरी ती फुटत नाही. प्राण्यांच्या पेशीला ही भिंत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी नुसत्या पाण्यात टाकल्या तर फुगून फुटतात आणि जास्त खाऱ्या पाण्यात टाकल्या तर आक्रसून सुरकुततात. रुग्णालयात शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असते ते याच कारणाने. त्या प्रमाणात पेशी फुगतही नाहीत आणि आक्रसतही नाहीत. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे जवळजवळ चौपट.

पेशी हा तोल कसा सांभाळते?

उत्तराचा एक भाग खेकड्याच्या पायात सापडला. डेन्मार्कमधील संशोधक येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायातील चेतातंतूंवर काम करताना एक विकर शोधले. पेशीच्या आवरणात बसलेला हा एक पंप आहे. तो एका खेपेला सोडियमचे तीन कण बाहेर फेकतो आणि पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. हे काम तो अहोरात्र करतो. माणूस स्वस्थ पडून असतो तेव्हाही शरीराच्या एकूण ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक या पंपावर खर्च होतो. पंप थांबला की सोडियम पेशीत साचतो, त्यामागून पाणी शिरते आणि पेशी सुजते. स्कू यांना या शोधासाठी १९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पाण्याची वाटही पुढे सापडली. पाणी आवरणातून नुसते झिरपत असावे, असा अनेक वर्षे समज होता. अमेरिकेतील पीटर ॲग्रे यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की आवरणात पाण्यासाठी वेगळ्या सूक्ष्म नळ्या असतात. ‘ॲक्वापोरिन’ नावाच्या या प्रथिनातून फक्त पाणी जाते. त्यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले. माणसाचे मूत्रपिंड या नळ्यांची संख्या गरजेप्रमाणे कमी-जास्त करते. तो मुद्दा पुढे येईलच.

पापलेट खारट का लागत नाही?

पापलेट किंवा सुरमईच्या रक्तातली क्षारता समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असते. म्हणजे चारही बाजूंनी पाणी असूनही या माशाच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जात असते. तो समुद्रात राहून ‘तहानलेला’ असतो, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो. आतड्यातून पाणी शोषले जाते, पण त्याबरोबर मीठही अंगात येते. हे जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर टाकतात. मॅग्नेशियमसारखे क्षार मूत्रपिंडामार्फत जातात. लघवी अगदी थोडी, कारण पाण्याची उधळपट्टी परवडणारी नसते.

गोड्या पाण्यातल्या रोहू-कटलाचे सगळे उलटे. त्यांच्या अंगात पाणी आपोआप शिरत राहते आणि मीठ निसटत राहते. ते पाणी जवळपास पीत नाहीत, भरपूर पातळ लघवी करतात आणि कल्ल्यांमधून पाण्यातले तुटपुंजे क्षार वेचून घेतात. रोहू समुद्रात किंवा पापलेट तळ्यात सोडले तर दोघेही मरतात, ते यामुळेच.

याला अपवाद आहेत. रायगडकरांचा जीव की प्राण असलेला जिताडा खाडीच्या खाऱ्या पाण्यात जन्मतो आणि पेण-अलिबागच्या गोड्या तलावांतही मजेत वाढतो. त्याच्या कल्ल्यांतल्या पेशी पाणी बदलले की काही दिवसांत आपले काम बदलतात. मीठ बाहेर टाकणारा कारखाना मीठ आत घेणारा होतो. खाडीतली चिंबोरीही अशीच तरबेज. पावसाळ्यात खाडीचे पाणी एकदम गोडे होते आणि उन्हाळ्यात समुद्राइतके खारे. ती दोन्ही सोसते.

मुशीच्या कालवणाला आंबट का लागते?

मुशीने, म्हणजे शार्कने, यातला कोणताच मार्ग घेतलेला नाही. आपण लघवीवाटे जो युरिया टाकून देतो, तो मुशी मुद्दाम रक्तात आणि मांसात साठवून ठेवते. शार्कच्या अंगात युरियाचे प्रचंड साठे असतात, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ श्टेडेलर आणि फ्रेरिक्स यांनी १८५८ मध्येच नोंदवले होते. या युरियामुळे मुशीच्या रक्तातील विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण समुद्राइतके, किंबहुना थोडे जास्तच भरते. मग पाणी बाहेर ओढले जाण्याचा प्रश्नच उरत नाही आणि समुद्राचे पाणी प्यावे लागत नाही. एवढा युरिया प्रथिनांना मारक ठरतो, म्हणून त्याचा परिणाम पुसणारे आणखी एक रसायन ती जोडीला बाळगते. जादा मीठ टाकण्यासाठी शेपटीकडे आतड्याला जोडलेली वेगळी ग्रंथी असते.

मुशी मेली की जिवाणू या युरियाचा अमोनिया करतात. तोच तो नाकात जाणारा उग्र वास. पाकटाच्या मांसालाही तो येतो, कारण तो शार्कचाच नातलग. ‘शिळी दिली’ म्हणून कोळणीशी भांडण्याआधी हे ध्यानात ठेवलेले बरे: ताज्या मुशीलाही थोडा वास असतोच. तो फारच तीव्र असेल तर मात्र भांडण रास्त. चिंच, कोकम किंवा लिंबाने हा वास दबतो, कारण आंबटातले आम्ल अमोनियाला बांधून टाकते आणि तो हवेत उडत नाही. कोकणातल्या घरांत हे रसायनशास्त्र न शिकताच पिढ्यान् पिढ्या वापरले गेले आहे.

शिवडीचे फ्लेमिंगो काय पितात?

घोडपदेवहून हार्बर मार्गाने रे रोड, कॉटन ग्रीन ओलांडले की शिवडी. अटल सेतू जिथून सुरू होतो, त्या खाडीच्या चिखलात दर हिवाळ्या-उन्हाळ्यात फ्लेमिंगोंचे थवे उतरतात. चिखलातले शेवाळ आणि बारीक जीव गाळून खाताना खारे पाणी पोटात जाणारच. पक्ष्याचे मूत्रपिंड इतके मीठ बाहेर टाकू शकत नाही. ते काम डोळ्यांच्या वर असलेल्या क्षारग्रंथी करतात. रक्तातले मीठ गोळा करून त्या समुद्रापेक्षाही खारट थेंब नाकपुडीवाटे बाहेर सोडतात. चोचीच्या टोकाला लटकणारा थेंब म्हणजे सर्दी नव्हे.

क्नुट श्मिट-नीलसन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९५७ च्या सुमारास अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाणकावळ्यांवर प्रयोग करून या ग्रंथीचे काम उलगडले. समुद्रपक्षी खारे पाणी पिऊन जगतात कसे, हे कोडे तोवर सुटलेले नव्हते. सोलहून २०१६ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत आलेल्या हम्बोल्ट पेंग्विनलाही अशीच ग्रंथी असते.

मग माणसाला समुद्राचे पाणी का चालत नाही?

माणसाकडे क्षारग्रंथी नाही, कल्लेही नाहीत. सगळी भिस्त मूत्रपिंडांवर. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड लिटर लघवी म्हणून सोडतात. बाकी सगळे परत घेतले जाते. पण समुद्राच्या पाण्याइतकी मिठाने दाट लघवी माणसाचे मूत्रपिंड बनवू शकत नाही. त्यामुळे एक लिटर समुद्राचे पाणी प्यायले तर त्यातले मीठ बाहेर काढायला एका लिटरहून जास्त पाणी खर्च होते. बोट भरकटलेला खलाशी समुद्राचे पाणी पिऊन लवकर मरतो, तो यामुळे.

रोजचा कारभार मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी चालवतात. रक्त एक-दोन टक्के जरी दाट झाले तरी त्यांना कळते. मग दोन गोष्टी होतात. तहान लागते, आणि मेंदूतून सुटणारे एक संप्रेरक मूत्रपिंडाला पाणी वाचवायला सांगते. मूत्रपिंड आपल्या नळ्यांत ॲक्वापोरिन वाढवते, पाणी परत खेचते आणि लघवी गडद पिवळी होते. दारू हे संप्रेरक दाबते. रात्री ‘बसल्या’वर वारंवार उठावे लागते आणि सकाळी घसा कोरडा पडतो, त्याचे स्पष्टीकरण इथे आहे.

मिठाचा हिशेब वेगळ्या हाताने ठेवला जातो. रक्ताचे आकारमान घटले की मूत्रपिंडाकडून सुरू होणारी संप्रेरकांची साखळी सोडियम अडवून धरते. हे दोन वेगळे हिशेब आहेत हे लक्षात घेतले नाही, तर उन्हाळ्यात काय चुकते ते समजत नाही.

भरपूर पाणी पिऊनही पायात गोळे का येतात?

सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या अंगात साधारण ४२ लिटर पाणी असते. त्यातले दोन तृतीयांश पेशींच्या आत. उन्हात जड काम करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि त्या प्रत्येक लिटरमागे एक ते तीन ग्रॅम किंवा अधिक मीठ. मुंबईत आणखी एक अडचण आहे. घाम वाळला तरच अंग थंड होते. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणजे पाणी गेले, मीठही गेले आणि गारवा मिळालाच नाही. तापमापकावर ३५ अंश दिसत असताना दारूखान्यातल्या किंवा कॉटन ग्रीनच्या गोदामातल्या हमालाला विदर्भातल्या चाळिशीइतके जड का जाते, त्याचे कारण हे.

अशा वेळी नुसते पाणी ढोसले तर तहान भागते, पण रक्तातला सोडियम आणखी पातळ होतो. इंग्लंडमधील खोल, तप्त कोळसा खाणींत कामगारांना पायात आणि पोटात असह्य गोळे येत. के. नेव्हिल मॉस यांनी १९२३ मध्ये दाखवले की हे कामगार प्रचंड घाम गाळून फक्त पाणी पितात. पाण्यात थोडे मीठ घालून दिल्यावर गोळे कमी झाले.

हे प्रमाण फार बिघडले तर परिणाम गोळ्यांवर थांबत नाही. रक्तातला सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल या पट्ट्यात राहावा लागतो. तो झपाट्याने बराच खाली गेला की पाणी पेशींत शिरते. हातापायाच्या पेशी फुगल्या तर जागा असते, कवटीत ती नसते. डोकेदुखी, मळमळ, बरळणे, आकडी, बेशुद्धी असा तो क्रम असतो. लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावताना गरजेपेक्षा जास्त पाणी पिणाऱ्या धावपटूंचे मृत्यू असे झाले आहेत. म्हणून ‘जेवढे जास्त पाणी तेवढे चांगले’ हा समाजमाध्यमांवरचा सल्ला सरसकट खरा नाही.

उष्माघात ही याहून वेगळी आणि तातडीची अवस्था. त्यात शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि माणूस भ्रमिष्टासारखे वागू लागतो. खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला. अशा रुग्णाच्या तोंडात पाणी ओतत बसण्यात अर्थ नाही, शुद्ध हरपत असेल तर ते फुप्फुसात जाऊ शकते. सावलीत नेणे, अंगावर पाणी मारून वारा घालणे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे, हाच क्रम.

ताक, पन्हे, पेज... की मीठच खावे?

घोडपदेव, लालबाग, परळच्या चाळींत कोकण-घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी सोबत आणलेल्या सवयी इथे कामाच्या आहेत. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, कोकम सरबत, मीठ टाकलेली तांदळाची पेज यांत पाणी, मीठ आणि थोडी साखर किंवा पिष्ट एकत्र येते. घामाच्या कामात हे नुसत्या पाण्यापेक्षा उजवे.

पण वातानुकूलित कार्यालयात बसणाऱ्याने त्याच कारणाने मीठ वाढवणे चुकीचे ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लोणचे, पापड, फरसाण आणि वडापाव मिळून ही मर्यादा बहुतेकांची केव्हाच ओलांडलेली असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ-पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. शिवाय ज्याचे शरीर उन्हाला सरावले आहे, त्याच्या घामात मीठ कमी जाते. हा सराव व्हायला एक-दोन आठवडे लागतात. गावाहून नुकत्याच आलेल्या नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी भर दुपारी पूर्ण काम देणे म्हणूनच घातक.

ओआरएसमध्ये साखर कशाला?

कॉलऱ्याचे विष आतड्यातल्या पेशींचा मीठ सोडणारा दरवाजा उघडा पाडते. मीठ आतड्यात ओतले जाते आणि पाणी त्यामागून धावते. गंभीर रुग्ण तासाला लिटरभरापर्यंत पाणी गमावू शकतो. हे विष कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये प्रयोगातून दाखवून दिले. अशा रुग्णाला नुसते मीठ-पाणी पाजले तर ते शोषले जात नाही, तसेच बाहेर पडते.

मात्र आतड्यात एक दुसरा दरवाजा शाबूत असतो. त्यातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात, एकट्याला प्रवेश नाही. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० मध्ये मांडली. ओआरएसमधली साखर ताकदीसाठी किंवा चवीसाठी नसते. ती सोडियमला हात धरून आत नेते आणि पाणी पाठोपाठ जाते.

या ज्ञानाची कसोटी १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात लागली. सीमेवरच्या बनगाव येथील निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. सुईविना, डॉक्टरविना, आईच्या हातून देता येणारे हे औषध ‘लॅन्सेट’ने १९७८ मध्ये शतकातील संभाव्य सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हणून गौरवले. महालनबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते मात्र २०२३ मध्ये, मृत्यूनंतर.

दुकानातले ‘ओआरएस’ खरे कसे ओळखावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. हे प्रमाण महत्त्वाचे आहे. साखर फार वाढली तर काकडीच्या मिठाचाच प्रकार होतो. आतड्यातली साखर अंगातले पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. औषधाच्या दुकानांत कागदी खोक्यांत मिळणारी काही गोड पेये नावात ‘ओआरएस’ लावून विकली जात होती, त्यांत साखर या सूत्राच्या कित्येक पट होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध सुमारे आठ वर्षे लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिले आहे का, हे पाहूनच पुडी घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रांत ती मोफत मिळते.

लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच, एकाच वेळी पूर्ण विरघळवायची. अर्धी पुडी पेल्यात अंदाजाने टाकली तर मिश्रण दाट होते आणि तान्ह्या मुलाच्या रक्तातला सोडियम धोकादायक वाढू शकतो. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. तयार मिश्रण २४ तासांनंतर फेकून द्यावे. मुलाने उलटी केली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने पाजावे, आईचे दूध बंद करू नये. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल झाले किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे.